वरून एक चमचा काकवी

रविवार, १० फेब्रुवारी

डायरी म्हणजे आरशासमोर बसून केलेली चहाडी, असं आमच्या कॉन्व्हेंटातली फ्रेंच नन, मेर अँजेल, म्हणायची. ती स्वतः मात्र सगळ्या मुलींच्या चहाड्या मोठ्या मेरकडे नेऊन घालायची. मी आज लिहायला बसले ते एवढ्यासाठी की या घरात माझं बोललेलं हवेत विरतं. मी सांगितलेलं माझ्या मुलाच्या, नागीच्या, लक्षात राहत नाही, आणि राहिलंच तर ते त्याच्या बायकोने सांगितलेलं असतं. कागदावर असलेलं बरं.

नातीला, वेरीनाला, पुन्हा उलट्या. काल आमचे पाद्री अबूना मीखाईल यांच्या पुतण्याच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. चर्चच्या हॉलमध्ये साखरेत घोळवलेले बदाम वाटले. पाच वर्षांची पोर, पण बदाम तोंडात धरून बसली, गिळेना. मी तिच्या कानात म्हटलं, "यजमानांसमोर थुंकतेस? गिळ." गिळला. गिळल्यावर माझ्या तोंडाकडे बघितलं. मी शाब्बास म्हटल्यावर लगेच दुसरा घेतला. शहाणी पोर आहे. घरी येताना ट्रॅममध्ये पांढरीफटक पडली. कपाळावर घाम. इब्राहिमियाच्या थांब्याला उतरेपर्यंत माझ्या फरच्या कोटावर एकदा आणि एका सभ्य गृहस्थाच्या बुटांवर एकदा. संध्याकाळपर्यंत पोटात काही ठरेना. मग तशीच झोपून गेली, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची.

डॉक्टर लबीब म्हणतात, हा उलट्यांच्या फेऱ्याचा आजार आहे, अर्धशिशीचा धाकटा भाऊ. अमुक दिवसांनी येतो, जातो, वय वाढलं की सुटतो. जानेवारीपासून त्यांनी गुलाबी सिरप सुरू केलंय, दुपारी एक चमचा, झोपताना एक चमचा. मी नागीला सांगितलं, हे सिरप सुरू झाल्यापासून पोरीचं जास्त बिघडलंय. तो म्हणाला, "ममा, तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतीस, हॉस्पिटलमध्ये नाही."

बरोबर आहे. पण आयुष्यभर लोकांचं ऐकण्याचंच काम केलं मी. लाइनमध्ये बिघाड कुठे आहे हे खरखर ऐकून सांगायचे. डॉक्टर लबीब तर पोरीकडे न बघता घड्याळाकडे बघतात.

बुधवार, १३ फेब्रुवारी

सून दुकान बंद करून आली. इरीनी औषधांच्या दुकानात आहे, पांढरा कोट, पदवी भिंतीवर लावलेली. माझा नागी बंदरावरच्या एका जहाज कंपनीत कागद फिरवतो. दोघं दिवसभर बाहेर, म्हणून वेरीना दिवसा माझ्याकडे. ते पाचव्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या.

"तांत, दुपारचा चमचा दिलात ना?" मला ती तांत म्हणते, फ्रेंचमधली मावशी.

"दिला. आणि वर माझा एक दिला, तोंड बरं व्हायला."

"काकवीचा?"

"मग काय, तुझ्या दुकानातला साबण?"

ती हसली. हसली की बरी दिसते. म्हणाली, "द्या, द्या. काकवीत लोह असतं. पिवळी पडलीय पोर."

आमच्या शाळेत एरंडेल द्यायच्या सिस्टर, आणि वर एक चमचा काकवी. ती पद्धत मी नागीला लावली, नागीच्या पोरीला लावली. कडूवर गोड दिलं की मूल औषधाचा राग धरत नाही. ही पोर मात्र गोडाचाच राग धरते. केक नको, जॅम नको, संत्रं नको. चीज, अंडं, दूध, भात, एवढ्यावर दिवस काढते. "गुदमरतं," म्हणते. नखरे. आजकालच्या मुलांना काय नको ते विचारतात म्हणून त्यांना नको असतं.

एक मात्र आहे. दात मोत्यासारखे. या इमारतीतल्या सगळ्या पोरांचे दात काळे पडलेत, माझ्या नातीच्या तोंडात कीड शोधून सापडायची नाही. हे आमच्याकडून आलंय. इरीनीच्या माहेरी सगळ्यांना कवळ्या.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज पुन्हा. दुपारचं सिरप, वरून काकवी, अर्ध्या तासात सगळं बाहेर. मी मोरीपाशी तिचं कपाळ धरून उभी होते. हात थंडगार. "तेता, माझ्यावर रागावलीस?" म्हणाली. आजीला ती तेता म्हणते. ओकत असताना. मी कशाला रागावू? मी त्या गुलाबी बाटलीवर रागावले होते.

ठरवलं. माझ्या हातून हे विष जाणार नाही. दुपारचा चमचा मी मोरीत ओतीन. कुणाला काही सांगायचं नाही. खोटं बोलायचं नाही, फक्त विचारल्याशिवाय बोलायचं नाही. यात पाप किती हे अबूनांना विचारीन, पण आधी पोर बरी होऊ दे.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

बघा! आठवडाभर एक उलटी नाही. औषध नाही म्हणून वरची काकवी द्यायचं कारण नाही. पोर खाली आली की सरळ चीज-रोटी खाते आणि बाल्कनीत खुर्चीवर उभी राहून ट्रॅम मोजते. गालावर रंग आलाय. काल जिन्यात धावली. मदाम सुआद, समोरच्या फ्लॅटमधली, म्हणाली, "माशाल्ला, कुणाचं औषध लागू पडलं?"

"कुणाचंच नाही," मी म्हटलं, "तेच लागू पडलं."

तिला कळलं नाही. मला किती बरं वाटलं.

इरीनी मात्र नागीला जेवताना सांगत होती, "बघितलंस, सिरप लागू पडायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणाले होते." मी बाकल्याची उसळ गिळली आणि शब्दही गिळले.

रविवार, ३ मार्च

उद्यापासून मोठा उपास, थेट ईस्टरपर्यंत. आज सगळे माझ्याकडे जेवायला, शेवटचं मांस, शेवटचं लोणी. पोर बरी झाली की आमच्या घरात शरबत करतात, माझ्या आईपासून. गुलाबाचं, लालभडक. बरं झालेल्या माणसाने पहिला घोट घ्यायचा, मग बाकीच्यांनी. मदाम सुआदलाही बोलावलं.

वेरीनाने पेला ओठाला लावून खाली ठेवला.

"पूर्ण," मी म्हटलं. "शरबत अर्धं सोडलं की आजार परत येतो."

"असं काही नसतं, ममा," नागी म्हणाला.

"तू पेला पूर्ण संपवायचास म्हणून एवढा उंच झालास."

सगळे हसले. पोरीने दोन्ही हातांनी पेला धरला, डोळे मिटले आणि संपवला. मदाम सुआदने टाळ्या वाजवल्या.

सोमवार, ४ मार्च

काल सगळे गेल्यावर तासाभरात सुरू झालं. आज सकाळपर्यंत चाललं. इरीनीने सुट्टी घेतली. मी वर गेले तर पोर चादरीइतकी पांढरी.

मला एकच शंका येते. इरीनीने वर जाऊन तिला काहीतरी दिलं असणार. रात्रीचा चमचा दुप्पट दिला असेल, किंवा दुकानातून नवीन काही आणलं असेल. ज्यांच्या हाताशी औषध असतं त्यांचा हात स्वस्थ राहत नाही. आता अशक्तपणा जायला मी काकवी पुन्हा सुरू करते, दुपारचं सिरप मात्र मोरीतच.

गुरुवार, २१ मार्च

आज मातृदिन. झालं ते जसंच्या तसं लिहिणार.

नागीने मला शाल आणली. इरीनीने चपला आणल्या, मऊ, डॉक्टरी. बसले, चहा झाला. मग इरीनी म्हणाली, "तांत, खरं सांगा. गेल्या पंधरवड्यात वेरीना तीनदा ओकली. त्याआधी आठवडाभर छान होती. त्या आठवड्यात आपण काय वेगळं केलं?"

विचारलं होतं. मग मी बोलले.

"सिरप देत नव्हते."

"म्हणजे?"

"दुपारचं. मोरीत ओतत होते. पोर बरी झाली. आणि तू वर घरी काय देत होतीस ते तुलाच माहीत."

इरीनी हळूच खुर्चीवर बसली. "मी औषधं विकते, तांत. दिवसभर लोकांना सांगते, मनाने बंद करू नका, मध्येच बंद करू नका. आणि माझ्याच घरात..."

"तुझ्या घरात नाही, माझ्या मोरीत."

"ममा!" नागी ओरडला.

"ओरडू नकोस. मी तुझी आई आहे, आज त्यासाठी शाल आणलीस."

इरीनी रडली नाही. तिने कधी रडायला हवं ते तिला कळत नाही. म्हणाली, "मध्येच तोडल्यामुळे फेरा उलटला. डॉक्टर लबीबना मी आजच फोन करते." केला. ते म्हणाले, मात्रा वाढवा. वाढवा! टेलिफोनवर, पोरीला न बघता.

आता दुपारचा चमचा मी इरीनीच्या आईसमोर द्यायचा. इरीनीची आई रोज मिनी बसने येणार, मला पहारा म्हणून. बिचारी बाई घोरत बसेल. पण चमचा द्यायच्या वेळी बरोब्बर जागी होईल.

गुरुवार, २८ मार्च

पोरीने मला सांगितलं, "तेता, मी पण तुझ्यासारखा उपास करणार."

मला किती भरून आलं! मी म्हटलं नव्हतं. एका शब्दाने म्हटलं नव्हतं. तिने स्वतः विचारलं. इरीनी म्हणाली, पाच वर्षांची मुलं उपास करत नाहीत. मी अबूनांना विचारलं, ते म्हणाले, मुलाच्या मनातली इच्छा विझवू नका, पण जबरदस्ती नको. म्हणजे हो. मग ठरलं, दिवसा माझ्याकडे असते तोवर उपास, वर गेल्यावर दूध-अंडं.

उपासाला चीज नाही, अंडं नाही, दूध नाही. सकाळी मी काकवीत तिळाचा ताहिना घोटून देते, रोटी बुडवून. दुपारी सिरप, सिरपावर काकवी. चारला खजूर किंवा तिळाचा हलवा. जिभेला नको असलेलं देवासाठी गिळायचं, त्यालाच तर उपास म्हणतात. मी तिला सांगितलं, येशूला हे सगळं दिसतं.

"तुला पण दिसतं?" तिने विचारलं.

"मला तर दिसतंच."

रविवार, ७ एप्रिल

पोर वाळलीय. पोट मात्र फुगलेलं, उजव्या बाजूला हात लावला की आखडते. इरीनीची आई म्हणते जंत. मी म्हणते सिरप. डॉक्टर लबीब म्हणतात, फेरा तीव्र आहे, मनावर ताण आहे का घरात?

ताण! घरात दोन सासवा आणि एक पहारा, ताण कशाला असेल.

इरीनी वर एकटीच बसलेली दिसली. मी ताट घ्यायला गेले होते. तिच्या हातात गुलाबी बाटली होती, नुसती हातात धरून बसली होती. म्हणाली, "तांत, मला कधीकधी वाटतं, तुमचंच बरोबर आहे. पण मग मनात येतं, बंद केलं आणि काही झालं तर?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या शेजारी बसावंसं वाटलं. बसले नाही. ताट घेऊन आले. मी तिला म्हणू शकले असते, बंद कर, जे होईल ते माझ्या डोक्यावर. म्हटलं नाही. कारण मलाही मनातून माहीत नव्हतं. इथे लिहिते, तिथे बोलणार नाही.

रविवार, १४ एप्रिल

आज सकाळी वेरीना काकवी-ताहिना बघून नुसतीच बसली. मी म्हटलं, "आज नको असेल तर राहू दे, राणी." खरंच म्हटलं. मी काही राक्षसीण नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा डोळे पुसत होते, मला मोतीबिंदू आहे, सकाळी पाणी येतं. तिने पटकन रोटी बुडवली आणि खाल्ली. सगळी.

मंगळवार, २३ एप्रिल

रविवारी झालं ते आज लिहिते. तोवर लेखणी धरवली नाही.

पाम संडे होता. चर्चबाहेर मुलं ताडाची पानं विणत बसली होती, वेरीनाने स्वतःसाठी मुकुट विणला, माझ्यासाठी अंगठी. प्रार्थना लांबली. मधल्या वेळात मी तिला पिशवीतला हलवा दिला, मोठा तुकडा, सकाळपासून उपाशी होती म्हणून. मिरवणूक सुरू झाली आणि पोर माझ्या हातातून खाली घसरली. उलटी झालीच नाही या वेळी, किंवा थोडीच झाली. अंग ओलं, थंड, डोळे वर. मग हातपाय झटकायला लागली. नागीने तिला उचललं आणि पळत सुटला, मुकुट तिच्या डोक्यावर तसाच.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, कारण ते जवळ होतं. डॉक्टर लबीब सुट्टीवर. देवाचे आभार.

तिथे एक बाई होती, डॉक्टर सुहेर. बुटकी, केस पांढरे, आवाज सिगारेटींनी घासलेला. बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि ओरडली, "साखर नाहीये पोरीच्या रक्तात! ग्लुकोज लावा!" बाटली लावली. आम्ही बघत होतो तोवर पोरीने डोळे उघडले. मी मरियमचं नाव घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने अल्लाचं घेतलं. दोघींचं चाललं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर सुहेर परत आली. पोट दाबलं, यकृत सुजलंय म्हणाली. मग खाटेवर वाकली.

"तोंड उघड बघू, राणी. आऽऽ." छोटा दिवा लावून बराच वेळ बघत राहिली. "दात कुठे साफ करून घेता?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "गरजच पडली नाही. आमच्या घराण्यात..."

"गोड खाते?"

"छे. तोंड फिरवते. मी देते म्हणून खाते."

"काय काय देता?"

मी सांगितलं. काकवी. ताहिना. खजूर. हलवा. शरबत, बरं झाल्यावर. सांगत गेले आणि ती बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मला वाटलं, कुणीतरी एकदाचं नीट ऐकतंय.

"आणि हे सगळं ती आपणहून कधी मागते?"

"नाही."

"आणि औषध? कोणतं चालू आहे?"

"सिरप," इरीनी म्हणाली. तिने पर्समधून बाटली काढली. डॉक्टरने मागितली नव्हती, इरीनीच ती फिरवून मागचं बारीक वाचायला लागली. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. रोज दुकानात शंभर बाटल्या विकते ती, हे बारीक वाचायची तिला कधी गरज पडली नसेल. "सॉर्बिटॉल," ती म्हणाली. "साखर आणि सॉर्बिटॉल. दोन्ही गोडच." आणि तिथेच, फरशीवर, भिंतीला टेकून खाली बसली.

मी म्हटलं, "मी पहिल्यापासून सांगत होते. औषधच ना?"

"अर्धं तुमचं बरोबर," डॉक्टर सुहेर म्हणाली. "औषध वाईट नाही. ज्या गोड पाकात ते कालवलंय तो वाईट. काही मुलं जन्मतःच अशी असतात, फळातली, मधातली, उसातली साखर त्यांच्या यकृताला पचत नाही. विष होते. रक्त कैरोला पाठवते, खात्री होईल. पण मला आत्ताच खात्री आहे. अशा मुलांचे दात किडत नाहीत, कारण ती गोड तोंडात घेत नाहीत. त्यांना कळतं."

"विष? काकवी?" माझा आवाज चढला. "बाई, अख्खं मिसर काकवीवर वाढलंय!"

"अख्खं मिसर वाढलं, मदाम. ही नाही वाढली."

"आणि तुम्ही हे काय नळीतून घालताय? साखरच ना?"

"वेगळी साखर. तिला चालते." माझ्या खांद्यावर हात ठेवून ती पुढच्या खाटेकडे गेली. मला तो हात आवडला नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

मी नागीला विचारलं, डॉक्टर चुकली असेल का. हॉस्पिटलच्या खिडकीत उभा होता, तो वळला नाही. म्हणाला, "ममा, तिला नळी लागल्यापासून गोड बंद आहे. बघ तिच्याकडे."

बघितलं. अंडं खात होती. गरोदर मांजरीसारखी अंड्यावर तुटून पडली होती. नर्सने विचारलं, आणखी? ती म्हणाली, आणखी.

इरीनी तिच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि मला काही म्हणाली नाही. मी वाट बघत होते. मी तयार होते. मला उत्तरं येतात, मी एक्सचेंजमध्ये रागावलेल्या माणसांशीच बोलायचे. तिने म्हणायला हवं होतं की तुम्ही माझी पोर मारलीत. मग मी म्हटलं असतं, तुझाही चमचा होता. पण ती म्हणाली फक्त, "तांत, तुम्ही थकलात. घरी जा." ते तिला कुणी शिकवलं?

रविवार, २८ एप्रिल

ईस्टर. मी बिस्किटं केली नाहीत. पीठ काढलं, साखर काढली, आणि मग डबा परत लावला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात ईस्टरला बिस्किटं नाहीत. मदाम सुआदने तिच्याकडची पाठवली, गोड चेहरा करून. फेकता आली नाहीत. मोरीवर उभी राहून खाल्ली, एकेक.

सोमवार, २९ एप्रिल

आज शम्म अन-नसीम, वसंताचा सण. सगळं शहर समुद्रावर, खारवलेले मासे आणि रंगीत अंडी घेऊन. पोरीला घरी आणलं. नागीने अंडी रंगवली, लाल, निळी. मी जिन्यातून आवाज ऐकले. मला बोलावलं नाही. नाही, बोलावलं, नागी खाली आला होता, म्हणाला, "ममा, येतेस?" पण असं म्हणाला की मी नाही म्हणावं. मी नाही म्हटलं. सुटल्यासारखा पळाला.

शनिवार, ४ मे

इरीनीने नोकरी सोडली. वर त्यांच्या स्वयंपाकघरातून सगळं बाहेर. जॅम, मध, फळं, टोमॅटोची चटणी, कांदासुद्धा मोजून. पिशव्या इमारतीच्या दाराशी ठेवल्या, कुणी लागेल ते न्यावं म्हणून. काकवीची बरणी माझीच होती. मी ती उचलून परत आणली. वाया का घालवायची. आता कपाटात आहे, आणि कपाट उघडलं की समोरच.

नागी संध्याकाळी आला. हातपाय पसरून बसतो नेहमी, आज टोकावर बसला.

"ममा, वेरीना आता दिवसा वरच राहील. इरीनी आहे ना घरी."

"म्हणजे मला भेटणार नाही?"

"भेटेल की. आम्ही असताना."

"नागी, मी तिच्या तोंडात काही घालणार नाही. मला आता माहीत आहे."

"मला माहीत आहे तुला माहीत आहे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण ती तुझ्या हातून काहीही घेईल, ममा. कसं सांगू तुला? तू दिलेला दगडही घेईल."

हे मला कौतुकासारखं वाटलं. तो गेल्यावर विचार केला, आणि मग तितकंसं वाटलं नाही.

शुक्रवार, १० मे

डॉक्टर लबीबना फोन लावला. त्यांना सुनावायचं होतं. मात्रा वाढवा म्हणालात, विष वाढवा म्हणालात. सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं, नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. त्यांनी उचलल्यावर विचारलं, "कोण?" मी म्हटलं, वेरीना नागी. ते म्हणाले, "हं, उलट्यांवाली. कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. आणि ठेवला. का ठेवला कळत नाही. ज्या दुपारी मी सिरप ओतलं तेव्हा त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं? काहीच नाही. मी कुणाला विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं? कुणीच नाही. जिला माहीत होतं ती पाच वर्षांची होती.

शुक्रवार, १७ मे

कैरोहून कागद आला, डॉक्टर सुहेर म्हणाली होती तेच. यकृत हळूहळू सुधारेल, पण जन्मभर जपायचं. तिने गोड खाल्लं नाही तर तिला काही होणार नाही. इतकं साधं. जगातलं सगळं गोड सोडलं की झालं.

दुपारी दार वाजलं नाही, पण कुणीतरी बाहेर आहे हे कळलं. उघडलं तर वेरीना आमच्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. गालांवर रंग. गुडघ्यांवर हनुवटी.

"ममाला सांगून आलीस?"

"हो. ममा वरच्या कठड्यावरून बघतेय. आत जायचं नाही म्हणाली. इथेच बसायचं."

मी मान वर केली. इरीनीचा चेहरा पाचव्या मजल्यावर, कठड्यावर. मी हात केला. तिनेही केला.

मग मीही पायरीवर बसले. माझ्या गुडघ्यांना ते आवडलं नाही. आमच्यामध्ये एक पायरी होती.

"वेरीना," मी म्हटलं, "काकवी खाल्ली की पोटात दुखायचं ना तुला?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग खायचीस कशाला? मला सांगायचंस. थुंकायचंस. तोंड मिटायचंस!" माझा आवाज चढला. तो मला आवरता येत नाही, आणि ती दचकली.

"तू खुश व्हायचीस," ती म्हणाली. जणू मी काही साधं विचारलं होतं. "मी खाल्लं की तू शाब्बास म्हणायचीस. नाही खाल्लं की तुझ्या डोळ्यातून पाणी यायचं."

मोतीबिंदू म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

ती थोडा वेळ बुटाची दोरी सोडत-बांधत बसली. वर कुणाच्या तरी रेडिओवर रमजानचं काहीतरी चाललं होतं. मग तिने वर बघितलं, अगदी गंभीर, मोठ्या माणसासारखं, आणि विचारलं:

"तेता, मग आता तू कशाने खुश होणार?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

ती उठली नाही. हात मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत बसून राहिली.